जाड रेघ आणि बारीक रेघ

माझें सारें आयुष्य मुलांकडून कित्ते गिरवून घेण्यांत गेलें. आतां निवृत्तीनंतर ताम्हिणीस राहतों. छापील अक्षरांपैकीं एका डौलदार जातीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कांहीं अक्षरांत जाड रेघ फार जाड आणि बारीक रेघ केसासारखी असते. रोमन लिपींत हा थाट इटलींतील पार्मा येथील बोडोनी (१७४०–१८१३) आणि पॅरिसचें दिदो घराणें यांनीं पूर्णत्वास नेला. उभी रेघ खांबासारखी, आडवी रेघ तारेसारखी, आणि टोकांना सपाट, नाजूक पाय. गुळगुळीत कागद मिळूं लागल्यामुळेंच असे ठसे नीट उमटूं शकले.

आपल्या देवनागरीस जाड-बारीक हा भेद नवा नाहीं. तो बोरूच्या तिरप्या कापांतून आला. वरच्या डाव्या बाजूकडून खालीं उजवीकडे उतरणारी रेघ आपल्याकडे बारीक येते. रोमन लेखणीची रीत याच्या उलट. आपल्या अक्षरांना पाय नाहींत, शिरोरेखा आहे. मुंबईस जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या त्याच्या ठशांत हा भेद बेताचा होता. म्हणून पोथ्यापुस्तकें वाचतांना डोळा शिणत नसे. उलट, २०१४ सालीं निघालेल्या 'रोझा वन' या संगणकावरील अक्षरांत तो मुद्दाम पराकोटीस नेला आहे, कारण तें मथळ्यासाठींच घडविलेलें आहे.

हा विवेक मला ठेच लागून कळला. एके वर्षीं मृगाच्या तोंडावर गांवांत भाताचें बियाणें वाटावयाचें होतें. सूचनापत्राचें काम मजकडे आलें. अशाच एका अक्षराच्या डौलास भुलून मीं सारा मजकूर त्यांतच, लहान आकारांत, खरखरीत कागदावर छापवून घेतला. 'ब'च्या पोटांतील रेघ उमटलीच नाहीं, आणि 'बीज वाटप'चें 'वीज वाटप' झालें! कांहीं मंडळी विजेचीं बिलें घेऊन आलीं, त्याचें हसूं झालें. परंतु वरच्या वाडीवरचे दोघे शेतकरी आलेच नाहींत; त्यांस पेरणीसाठीं उसनें बियाणें घ्यावें लागलें. दोष अक्षराचा नव्हता, माझा होता.

म्हणून सांगतों: पुस्तकाचें नांव, मासिकाचें मुखपृष्ठ, लग्नपत्रिकेवरील वधूवरांचीं नांवें, नाटकाची जाहिरात, अशा ठिकाणीं हें अक्षर शोभतें. शब्द थोडे, आकार मोठा व कागद चांगला असावा. औषधाची चिठ्ठी, शाळेची सूचना, घाटांतील धोक्याची पाटी यांस तें वर्ज्य. धुक्यांत आधीं बारीक रेघच नाहींशी होते. छापण्यापूर्वीं एक प्रत भिंतीस लावावी आणि ज्यानें मजकूर पूर्वीं पाहिला नाहीं, अशा वृद्धाकडून दहा पावलांवरून वाचवून घ्यावी. तो अडखळला, तर अक्षर बदलावें.