जपानी सुरीला धार लावणे

जपानी सुरीला धार लावणे म्हणजे जपानी घडणीच्या स्वयंपाकघरातील सुरीची बोथट झालेली धार दगडावर घासून पूर्ववत करणे होय. मराठीत या क्रियेला पाजवणे असेही म्हणतात आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दगडाला निसणा किंवा सहाण हे शब्द आहेत. धार ‘लावली’ जाते असे आपण म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात काही चढवले जात नाही. पात्याचा थोडा धातू झिजवून काढला जातो. त्यामुळे चुकीच्या हाताने लावलेली प्रत्येक धार सुरीचे आयुष्य कमी करते.

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातील गावांत विळा, खुरपे, कोयता ही अवजारे घडवण्याचे काम बलुतेदार लोहाराचे. शिकलगार हा व्यवसाय त्याहून निराळा. शस्त्रे घासून उजळणे या अर्थाचा ‘शिकल’ हा शब्द मूळ अरबी असून तो फारसीच्या वाटेने मराठीत आला. शेजारच्या नांदेडमध्ये शीख शिकलगारांची वस्ती आहे; त्यांची परंपरा शीख गुरूंच्या शस्त्रनिर्मितीशी जोडली जाते. घडवणारा एक आणि धार देणारा दुसरा, ही विभागणी जपानमध्येही आढळते. ओसाकाजवळील साकाई हे सुऱ्यांसाठी प्रसिद्ध शहर आहे. तेथे लोहार, धार देणारा आणि मूठ बसवणारा हे परंपरेने वेगवेगळे कारागीर असतात.

पात्यातील फरक

फिरता धारवाला सायकल स्टँडवर चढवून पायडल मारतो आणि पट्ट्याने गोल दगड फिरवतो. आता अनेकांनी विजेची मोटार बसवली आहे. विळीचे पाते जाड आणि तुलनेने मऊ असते. त्याची धार तुटत नाही, मुडपते; म्हणून त्याला हा फिरता दगड मानवतो. जपानी सुरीचे पोलाद मात्र बहुधा रॉकवेल ‘सी’ मापनावर ६० किंवा त्याहून अधिक कठीण असते. पाश्चात्त्य सुऱ्यांमध्ये हेच माप साधारणतः ५४ ते ५८ असते. कठीण असल्यामुळे जपानी धार पातळ ठेवता येते आणि दीर्घकाळ टिकते. मात्र हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर ती चालवल्यास तिची कपची उडते.

फिरत्या दगडाचा खरा धोका उष्णतेचा आहे. पोलादाला दिलेले पाणी टिकण्यासाठी धार थंड राहणे आवश्यक असते. कोरड्या, वेगवान दगडावर पातळ धार क्षणात तापते. तिच्यावर निळसर झाक दिसली, तर तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. असा भाग पुन्हा कितीही घासला तरी धार धरत नाही. तो झिजवून काढून टाकावा लागतो. ठिणग्या उडाल्या म्हणजे काम चोख झाले, ही समजूत येथे महागात पडते.

पद्धत

या सुरीला सपाट दगड आणि पाणी लागते. नेहमीच्या धारेसाठी १००० क्रमांकाचा दगड पुरतो. खाचा पडल्या असतील तर आधी २०० ते ४०० क्रमांकाचा खरखरीत दगड आणि शेवटी गुळगुळीतपणासाठी ३००० किंवा त्यापुढील दगड वापरतात. दोन्ही बाजूंना उतार असलेल्या सांतोकू, नाकिरी यांसारख्या सुऱ्यांसाठी प्रत्येक बाजूचा कोन साधारणतः १५ अंश धरतात. पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून सुमारे १२ मिलिमीटर वर ठेवल्यास हा कोन मिळतो.

एक बाजू घासत असता विरुद्ध बाजूला धातूची सूक्ष्म किनार उलटते. बोट धारेकडून नव्हे, तर पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेने अलगद फिरवल्यास तिची खरखर जाणवते. ही खरखर टोकापासून मुठीपर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलू नये. नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते. दुसरी बाजूही तशीच घासल्यावर हलक्या हाताने ही किनार काढून टाकतात. यानागिबा, देबा अशा एकाच बाजूला उतार असलेल्या सुऱ्यांची मागची बाजू मात्र दगडावर पूर्ण टेकवूनच घासतात. तिला कोन दिल्यास सुरीची घडणच बिघडते.

जपानी दगड जवळ उपलब्ध नसल्यास हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुहेरी कार्बोरंडम दगड, त्याची बारीक बाजू वर ठेवून, चालू शकतो. तो मध्ये खोलगट झालेला नसावा. काम धारवाल्याकडे द्यायचे असल्यास ‘चाकावर नको, सपाट दगडावर पाण्याने लावा’ असे आधीच सांगावे आणि सुरीला उतार एका बाजूला आहे की दोन्ही, हे दाखवावे. कार्बन पोलादाची सुरी काम होताच कोरडी पुसली नाही, तर ओल्या हवेत तिच्यावर गंज लवकर चढतो.