फिरते चुंबकीय क्षेत्र : न्यूझीलंडमधील एका अभ्यासविषयाचा आढावा

न्यूझीलंडच्या माध्यमिक शाळांत तेराव्या वर्षाला भौतिकशास्त्र घेणारा विद्यार्थी, मग तो ऑकलंडच्या मराठी घरातला असो वा अन्य कोणत्या, एनसीईए या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी विद्युत्-व्यवस्थांचा ९१५२६ क्रमांकाचा सहा श्रेयांकांचा पेपर देतो, तेव्हा त्याच्या उत्तरांचा निकाल आकलन, सखोल आकलन आणि सर्वांगीण आकलन अशा तीन चढत्या पायऱ्यांवर लागतो. आणि वरच्या पायरीवर सूत्रात आकडे भरून भागत नाही, कार्यकारणाची सबंध साखळी शब्दांत उलगडून दाखवावी लागते. प्रवर्तन, प्रत्यावर्ती धारा, कपॅसिटर आणि रोहित्र हे विषय पुस्तकात पृथक् भेटतात. त्यांतील बहुतेकांना एका जागी आणणारे यंत्र म्हणजे प्रत्यावर्ती धारेवरील मोटर, आणि ती ज्याला उमगली त्याला प्रवर्तन खऱ्या अर्थाने उमगले, असे माझे निश्चित मत आहे.

विद्यार्थी प्रथम शिकतो ती दिष्ट धारेची मोटर. चुंबकाच्या ध्रुवांमधील तांब्याच्या वेटोळ्यात दर अर्ध्या फेरीला धारेची दिशा उलटवण्याची तजवीज तिच्यात कार्बनचे ब्रश आणि दुभंगलेली कडी करतात. त्यावरून, प्रत्यावर्ती धारेची दिशा आपोआपच उलटत असल्यामुळे तिच्यावरील मोटर फिरत असावी, असा समज सहज होतो. परंतु तो प्रवर्तन-मोटरीला लागू पडत नाही, कारण तिच्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, बाहेरून वीज जोडलेलीच नसते. स्टेटरवर, म्हणजे स्थिर भागावर, एकमेकांपासून १२० अंशांवर बसवलेल्या तीन गुंडाळ्यांतून तीन फेजच्या धारा वाहतात, आणि ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागत असल्याने प्रत्येक गुंडाळीतील धारा आधीच्या गुंडाळीनंतर सुमारे ६.७ मिलिसेकंदांनी शिखरावर पोचते. एकीचा जोर ओसरतो तोच दुसरीचा चढतो, आणि तिन्ही क्षेत्रांची सदिश बेरीज केली असता एका गुंडाळीच्या कमाल क्षेत्राच्या दीडपट, अचल मानाचे परंतु अखंड फिरणारे क्षेत्र हाती येते. हे क्षेत्र रोटरच्या दांड्यांना छेदते; दांड्यांची टोके कड्यांनी जोडलेली असल्याने प्रवर्तित धारा वाहते; त्या धारेवर क्षेत्रातच बल उपजते; आणि लेंझच्या नियमानुसार आपल्या कारणाला, म्हणजे क्षेत्र व रोटर यांच्यातील सापेक्ष गतीला, विरोध करणे हाच या बलाचा धर्म असल्याने रोटर क्षेत्राच्या मागे धावू लागतो.

तो क्षेत्राला गाठू मात्र शकत नाही. गाठले की अभिवाहातील बदल थांबला, धारा संपली, बलही संपले. चार ध्रुवांच्या मोटरीत क्षेत्र मिनिटाला १५०० फेऱ्या घेते, तर भाराखाली रोटर समजा १४४० घेतो. ही ४ टक्क्यांची तूट म्हणजे स्लिप, आणि रोटरमधील धारेची वारंवारता त्यामुळे अवघी २ हर्ट्झ असते. मोटर सुरू होण्याच्या क्षणी रोटर स्थिर, स्लिप पूर्ण शंभर टक्के, म्हणून धारा नेहमीच्या कित्येक पट. आपल्याकडील विहिरीवरच्या मोठ्या पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर लागतो तो याचसाठी.

घरातील २३० व्होल्टच्या एकाच फेजवर क्षेत्र फिरत नाही, केवळ मागेपुढे स्पंदते. कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, निकामी झालेला छताचा पंखा गुणगुणत उभा राहतो आणि हाताने ढकलताच ढकलाल त्या दिशेला फिरू लागतो, यामागचे कारण हेच. दुसऱ्या गुंडाळीतील धारा पुढे सरकवून आरंभीची दिशा ठरवण्याचे काम तो कंडेन्सर करत असतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. चुंबकसूचीला आपल्याबरोबर फिरवणारी आरागोची तांब्याची तबकडी १८२४ ची, फॅरेडेचे प्रवर्तन १८३१ चे, फिरत्या क्षेत्रावरील फेरारिसचा प्रबंध आणि टेस्लाची पेटंटे १८८८ ची. न्यूझीलंडमधील रीफ्टन या खाणगावात सार्वजनिक विजेचे दिवे लागले तेही त्याच १८८८ साली, पण ती वीज दिष्ट होती. पुढे १८९४ साली क्राइस्टचर्चच्या कॅंटरबरी कॉलेजातील तरुण रदरफर्डने उच्च वारंवारतेच्या विद्युत्-विसर्गांनी लोखंडाच्या होणाऱ्या चुंबकनावर आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला, ही गोष्ट या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आवर्जून सांगितली जावी.

या देशात उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. फिशर अँड पायकेल या ऑकलंडच्या कंपनीने १९९१ साली आणलेल्या स्मार्टड्राइव्ह धुलाईयंत्रात पट्टा व गिअरपेटी काढून टाकून मोटर थेट पिंपाच्या दांड्याशी जोडली गेली. तिच्या रोटरवर स्थायी चुंबक असल्यामुळे धारा प्रवर्तित होण्याची गरज उरत नाही, आणि रोटर फिरत्या क्षेत्राशी तंतोतंत जुळून चालतो. वेलिंग्टनजवळच्या हेवर्ड्स येथे, बेनमोर धरणाकडून १९६५ पासून दिष्ट धारेच्या रूपाने सुमारे ६१० किलोमीटर अंतर कापून येणारी वीज प्रत्यावर्ती केली जाते, आणि तेथील समकालिक यंत्रे कोणताही भार न ओढता केवळ व्होल्टता सावरण्यासाठी फिरत राहतात.

ऑकलंडच्या उपनगरी गाड्या २०१४ पासून २५ किलोव्होल्टच्या तारेवर धावतात. तारेत फेज एकच. गाडीतील रोहित्र व्होल्टता उतरवते, ती धारा आधी दिष्ट आणि मग तीन फेजची केली जाते, आणि वारंवारता वाढवत नेल्याने क्षेत्राची, पर्यायाने गाडीची, गती वाढते. स्थानक जवळ आले की वारंवारता इतकी उतरवतात की रोटर क्षेत्रापेक्षा वेगाने फिरू लागतो. स्लिप ऋण होते, बलाची दिशा उलटते, आणि तीच मोटर जनित्र होऊन गाडीला रोखता रोखता वीज तारेकडे परत धाडते.