‘जर’ गाळणारी मराठी, ‘तर’ गाळणारी इंग्रजी

‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडूनही हे वाक्य सहज निघून जातं. शिक्षक ते लाल पेनानं खोडतात, वर नियम लिहून देतात आणि पुढच्या चाचणीत ते पुन्हा उगवतं. कारण आपण मनात म्हणत असतो, ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो.’ दोन्हीकडे ‘असतं-असतो’, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’. मराठीचा संकेतार्थ अटीला आणि परिणामाला एकच शिक्का मारतो. इंग्रजीत शिक्के दोन: अटीला ‘हॅड’, परिणामाला ‘वुड हॅव’. ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ अमेरिकेत बोलताना दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ऐकू येतं हे खरं, पण प्रमाण लेखनात ती चूकच धरतात. आणि ‘इफ आय हॅड हॅड टाइम’ यातला दुसरा ‘हॅड’ हा छपाईचा दोष नव्हे, तोच तर मुख्य क्रियापद आहे.

दुसरा गैरसमज जास्त खोलवरचा आहे: पास्ट टेन्स दिसला की गोष्ट भूतकाळाची. ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस’ हे वाक्य आजचं आहे. खिसा आज रिकामा आहे, एवढंच त्यातला ‘हॅड’ सांगतो. मुलांना हे विचित्र वाटतं. मग मी विचारतो, ‘उद्या तू आलास तर जेवायलाच थांब’ यातलं ‘आलास’ कोणत्या काळाचं? रूप भूतकाळाचं, बेत उद्याचा. आपण हे रोज करतो आणि कुणाचाही गोंधळ उडत नाही.

मात्र इथेच एक खड्डा आहे. मराठी हे भूतकाळी रूप शक्य असलेल्या गोष्टीसाठी वापरते, तर इंग्रजी ते दुरावलेल्या, अवघड वाटणाऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवते. म्हणून ‘उद्या आलास तर’ म्हणजे ‘इफ यू कम टुमॉरो’. त्याऐवजी ‘इफ यू केम टुमॉरो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला माझ्या येण्याची फारशी आशा दिसत नाही. हा दुरावा मराठीत दाखवायचा तर आपण म्हणतो, ‘उद्या तू आला असतास तर बरं झालं असतं.’ आणि कालचं दुःखही अगदी याच शब्दांत सांगतो, ‘काल तू आला असतास तर बरं झालं असतं.’ आपलं काम ‘काल’ आणि ‘उद्या’ हे शब्द करतात. इंग्रजीला क्रियापद हलवावं लागतं. उद्यासाठी ‘इफ यू केम’ आणि ‘वुड बी’, कालसाठी ‘इफ यू हॅड कम’ आणि ‘वुड हॅव बीन’. भाषांतर करून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या बहुतेक चुका या एका फटीतून आत येतात, असं माझं मत आहे.

‘इफच्या भागात विल कधीच येत नाही’ हा नियम वर्गापुरता चांगला आहे. ‘इफ इट विल रेन टुमॉरो’ चूक, ‘इफ इट रेन्स’ बरोबर. पण ‘विल’ नेहमी भविष्यच सांगत नाही. ‘इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द डॉक्टर’ असं दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या तर त्यांचं काहीच चुकलं नाही. तिथे ‘विल’ म्हणजे थांबायची तयारी, एक प्रकारचं आर्जव. हट्टासाठीही तो चालतो: ‘रात्रभर मोबाइल बघतच बसणार असशील तर डोळे दुखणारच’ यातल्या ‘बसणार असशील’ची झाक त्यात येते.

गाइडमधला तीन किंवा चार प्रकारांचा तक्ता पाठ करायला हरकत नाही, फक्त सगळी भाषा त्यात मावेल अशी अपेक्षा नको. ‘इफ यू सी हिम, टेल हिम’ यात ‘विल’ही नाही आणि ‘वुड’ही नाही. ‘इफ आय हॅड स्लेप्ट लास्ट नाइट, आय वुड नॉट बी यॉनिंग नाऊ’ यात अट कालची आहे, जांभई आत्ताची. दोन्ही वाक्यं निर्दोष आहेत.

‘इफ आय वॉज’ हे अशुद्ध, नेहमी ‘वेअर’च हवं, असंही सांगतात. कल्पनेतल्या गोष्टीसाठी औपचारिक लेखनात ‘वेअर’ शोभतं, आणि ‘इफ आय वेअर यू’ तर ठरून गेलेलं आहे. साध्या बोलण्यात ‘वॉज’ सर्रास चालतं. गंमत म्हणजे ‘इफ आय वॉज रूड यस्टरडे, आय ॲम सॉरी’ इथे ‘वेअर’ घातलं तर तीच चूक. काल मी खरोखर उद्धटपणे बोललो असेन, ही कल्पना नव्हे.

‘अनलेस’चा घोळ परीक्षेत हमखास दिसतो: ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल नॉट पास.’ ‘जोपर्यंत अभ्यास करत नाहीस तोपर्यंत’ यातला ‘नाही’ इंग्रजीत घुसतो. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे. त्याला मराठी जोड ‘शिवाय’ची द्यावी. ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस’ असं मनात म्हणा, ‘डोन्ट’ आपोआप गळून पडेल.

‘इफ’ आला की ‘देन’ हवाच, हाही ‘जर-तर’ जोडीचा परिणाम. आपण बोलताना ‘जर’ बेलाशक गाळतो, पण ‘तर’ सोडत नाही: ‘पाऊस आला तर...’ इंग्रजीची सवय बरोबर उलटी. ती ‘इफ’ ठेवते आणि ‘देन’ बहुधा सोडून देते.

कधी कधी ती ‘इफ’ही सोडते. बँकेच्या पत्राच्या शेवटी असतं, ‘शुड यू हॅव एनी क्वेरीज, प्लीज कॉन्टॅक्ट अस.’ ‘शुड’ म्हणजे ‘पाहिजे’ एवढंच पाठ असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्यानं त्याचं भाषांतर केलं, ‘तुम्हाला शंका असल्याच पाहिजेत.’ खरं तर ‘इफ’ काढून टाकून ‘शुड’ पुढे आणला आहे, इतकंच. आणि त्याच पत्राच्या मराठी बाजूला ‘जर’ आणि ‘तर’ दोन्ही गाळून छापलेलं होतं: ‘काही शंका असल्यास संपर्क साधावा.’