तंजावरची क्लॅरिंडा

तंजावरचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महालातील पोथ्या आठवतात, बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा वंशवृत्तान्त आठवतो. तुळजाराजांच्या कारकिर्दीत त्याच नगरीत राहणाऱ्या एका मराठी ब्राह्मण विधवेची हकीकत मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. तिचे मूळ नाव कोकिळा असे परंपरा सांगते. पतीच्या चितेवरून एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिला वाचविले, ही कथाही परंपरेचीच. ती पुढे लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने राहिली आणि त्याच्याबरोबर दक्षिणेस पाळयंकोट्टै येथे गेली, एवढे मात्र खरे. ख्रिस्ती धर्माची पहिली ओळख तिला ह्याच माणसाने करून दिली.

तिच्या गणगोताने तिला टाकले हे सांगावयास नकोच. पण विरोध एकाच बाजूने येतो असे नाही. बाप्तिस्मा मिळावा म्हणून तिने फ्रेडरिक श्वार्ट्झ ह्या जर्मन धर्मोपदेशकाकडे विनंती केली, तेव्हा त्यांनी नकार दिला. विवाहावाचून ती त्या अधिकाऱ्याबरोबर राहते, तोवर तिला ख्रिस्ती मंडळीत घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळीच्या नियमाला धरून ते बरोबरही होते. तरीपण एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. दोष असेल तर तो दोघांचा होता. दार मात्र तिच्यापुढेच बंद झाले, कारण तो जन्मानेच आतला होता.

श्वार्ट्झ हे काही कठोर हृदयाचे गृहस्थ नव्हते. १७५० साली ते तरंगमबाडीस उतरले, तमिळ शिकले, मराठीही शिकले. पुढे हैदरअलीच्या स्वारीत तंजावरचा मुलूख उजाड झाला आणि किल्ल्यात माणसे उपासमारीने मरू लागली. धान्य होते, पण बैल देणाऱ्या रयतेला पूर्वीचे पैसे मिळाले नव्हते. त्यामुळे सरकारच्या शब्दावर कोणी बैल जुंपावयास तयार होईना. श्वार्ट्झनी स्वतःची हमी दिली तेव्हा गाड्या हलल्या. सरफोजीराजांनी तर त्यांना पित्याच्या ठिकाणी मानले, आणि १७९८ मध्ये ते वारल्यावर त्यांचे संगमरवरी स्मारक इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समन ह्याच्याकडून घडवून घेतले. ज्याच्या शब्दावर सारा मुलूख विसंबत असे, त्याच माणसाने ह्या स्त्रीला नाही म्हटले, ही गोष्ट लक्षात घेतल्यावाचून तिच्या धीराचे मोल कळावयाचे नाही.

ख्रिस्ती लोक ज्याला विश्वास म्हणतात, त्याविषयी आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहे. देवावर भार टाकला की संकट टळते, असा त्याचा अर्थ घेतला जातो. बायबलातील ईयोबाची कथा वाचावी. त्याची गुरेढोरे गेली, मुले गेली, आणि सांत्वनाला आलेले मित्र त्याचेच काही पाप असले पाहिजे असे बजावीत बसले. ईयोब गप्प बसत नाही. तो देवाशी भांडतो, पण देवाला सोडून जात नाही. क्रुसावर येशूच्या तोंडी जे जुने स्तोत्र आले, तेही आश्वासनाने नव्हे, प्रश्नाने सुरू होते. म्हणजे उत्तर मिळाले नाही तरी ज्याला हाक मारावयाची तो बदलावयाचा नाही, हा ह्या विश्वासाचा गाभा. नशिबाला दोष देऊन स्वस्थ बसणे वेगळे, आणि दार बंद असताना उंबऱ्यावर थांबून राहणे वेगळे.

कोकिळा थांबून राहिली. लिटल्टन वारला. आता कोणाचा आधार नव्हता. आणि त्या धर्माशी तिचे नाते केवळ त्या माणसापुरतेच असते, तर तेही तेथेच तुटले असते. तिने पुन्हा मागणी केली. १७७८ साली श्वार्ट्झ पाळयंकोट्टैस आले, तेव्हा त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला, आणि ती क्लॅरिंडा झाली. १७८० मध्ये तेथील मंडळीची नोंद झाली. त्यात चाळीस माणसे होती आणि यादीत पहिले नाव तिचे होते. धर्मशिक्षक पाठवावा म्हणून तिने तंजावरकडे आपली मागणी लावून धरली. तिने पुढाकार घेऊन उभारलेले प्रार्थनामंदिर १७८५ साली श्वार्ट्झ ह्यांच्याच हस्ते देवकार्याला अर्पण झाले. पुढे तेथे आलेला सत्यनाथन १७९० मध्ये तंजावरास दीक्षित होऊन पाळक झाला.

त्या चाळिसांचा पुढचा मार्गही सुखाचा नव्हता. मंडळी वाढू लागली तशी तिरुनेलवेलीच्या खेड्यांतून नव्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थनाघरे पाडली गेली, घरे लुटली गेली. अशा निराश्रितांसाठी डेव्हिड सुंदरानंदम् ह्याने १७९९ मध्ये एक गाव वसविले. त्याचे नाव मुदलूर, म्हणजे पहिले गाव. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, आणि लक्ष्मीबाईंनी सोसलेला वियोग मराठी वाचकाला ठाऊक आहे. क्लॅरिंडेचे वर्ष त्याच्याही एकशे सतरा वर्षे आधीचे. लक्ष्मीबाईंना निदान आपली हकीकत स्वतःच्या मराठीत सांगता आली. क्लॅरिंडेची कथा आपल्याला दुसऱ्यांच्या पत्रांतूनच वाचावी लागते, आणि १९१५ साली तिच्यावर कादंबरी लिहिली तीही अ. माधवय्या ह्या तमिळ लेखकाने, इंग्रजीत.

पाळयंकोट्टैचे ते छोटे मंदिर अजून आहे. लोक त्याला तिच्या ख्रिस्ती नावाने ओळखतातच. पण तमिळ बोलीत त्याला दुसरे एक नाव पडले आहे: पाप्पात्ती अम्माळ कोविल. पाप्पात्ती म्हणजे ब्राह्मणीण.