मंदावलेला घरचा संगणक

आपल्या मावळांत आतां सातबाराचा उतारा, आठ-अ, पीकविम्याचा अर्ज हीं कामें पुष्कळ घरीं संगणकावर होऊं लागलीं आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागल्यावर तलाठ्याकडील खेटे बरेच वांचले. ज्या दप्तरांत आमची हयात गेली तें असें घरोघर पोंचलेलें पाहून आम्हांस समाधानच वाटतें. परंतु सहा-सात वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक नुसता सुरू होण्यास दहा दहा मिनिटें घेऊं लागला, कीं घरची मंडळी त्रासतात आणि दुकानदार नवा घेण्याचा सल्ला देतो. भाताचा पैसा त्यांत घालण्यापूर्वीं रोग कोठें आहे तें पहावें.

संगणकाचा कारभार कचेरीसारखाच आहे. हार्ड डिस्क हा दप्तरखाना, रॅम हें कारकुनाचें मेज आणि प्रोसेसर हा स्वतः कारकून. मेज लहान असलें म्हणजे एक रुमाल बांधून ठेविल्याखेरीज दुसरा सोडतां येत नाहीं, व कारकून कितीहि हुशार असला तरी त्याचा दिवस दप्तरखान्याच्या येरझाऱ्यांत जातो. ४ जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझरचीं पांच-सहा पानें उघडलीं कीं बहुधा हेंच घडतें. त्यांत जुन्या हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि हवा तो कागद त्यांवरून शोधून आणावा लागतो. एसएसडींत फिरणारा भागच नसल्यामुळें तो विलंब टळतो.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. संगणक सुरू होऊन कांहीं मिनिटें लोटल्यावरहि डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांजवळच राहत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा समजावा. तेथेंच स्टार्टअपची यादी असते. संगणकाबरोबर आपोआप उठणारे, पण रोज न लागणारे प्रोग्राम तींतून बंद करावे. ‘फुकट वेग वाढवून देतों’ म्हणणारे प्रोग्राम आम्हांस कचेरींतील बिनपगारी उमेदवारांसारखे वाटतात: काम थोडें, मेज अडविणें फार. ते काढून टाकावे.

मात्र कशासहि हात लावण्यापूर्वीं कागदांच्या नकला बाहेरील डिस्कवर घ्याव्या. डिस्क मंदावणें, विशेषतः तिच्यांतून टक् टक् आवाज येणें, हें ती मरणपंथास लागल्याचें लक्षण असूं शकतें. सातबारा सरकारदप्तरीं आहे, तो पुन्हां मिळेल. परंतु जुन्या वाटणीपत्राचा फोटो, दाव्यांतील कैफियतीची प्रत, भाऊबंदांतील समजुतीचा कागद हे एकदां गेले कीं गेले. आणि गुंठ्यागुंठ्यावरून दावे चालतात अशा या तालुक्यांत त्यांची किंमत संगणकाहून किती अधिक, हें वाचकांस सांगणें नको.

लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. या ओलीनें पंख्यावर धूळ चिकटून बसते व पुढें मळणीच्या दिवसांत तींत भाताचा भुसा मिळतो. थंड न राहिलेला प्रोसेसर जळूं नये म्हणून आपली चाल आपणच कमी करितो. दिवाळीच्या सुमारास वायर काढून, झांकण उघडून, मऊ कुंचल्यानें आंत साफ करावें. पावसाळ्यांत संगणक महिनोन् महिने झांकून न ठेवतां रोज घटकाभर चालवावा.

एवढ्यानें न भागल्यास रॅम ८ जीबी करावी व एसएसडी बसवावी. हें काम जाणत्याकडून करून घ्यावें. विंडोज ३२ बिटी असेल तर ४ जीबीपलीकडील रॅम व्यर्थ जाते, तेव्हां तें आधीं विचारावें. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागत असल्यानें कित्येक जुनीं यंत्रें त्यास पात्र ठरत नाहींत. ज्यांचें काम ब्राउझर व पत्रलेखन एवढेंच आहे त्यांनीं अशा यंत्रावर विनामूल्य लिनक्स घालून पहावें.

पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत पान उघडेना, तर तेंच पान भ्रमणध्वनीवरहि उघडून पहावें. तेथेंहि तें अडत असेल तर खोळंबा सरकारी संकेतस्थळाचा किंवा जोडणीचा असावा, व घरच्या यंत्रावर खर्च करण्याचें त्या दिवशीं तरी कारण नाहीं.