विझलेला काजवा पुन्हा उजळतो तेव्हा

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, उष्णतेने बिघडलेलं एन्झाइम पुन्हा कामाला लागतं का?" माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय!

लागतं, आणि ते चक्क बघता येतं. काजव्याला उजेड देणारं ल्युसिफरेज ४२ अंशांच्या आसपास तापवलं की त्याची घडी मोडते, प्रकाश विझतो. नुसतं थंड करून फारसा उपयोग होत नाही. पण त्यात एचएसपी७० हे घडी घालायला मदत करणारं प्रथिन (शॅपेरोन), त्याचे साथीदार आणि पेशीचं इंधन एटीपी घातलं की उजेड हळूहळू परततो. मीटरवरचा आकडा चढताना बघायला मला आजही भारी वाटतं.

होतं काय? ल्युसिफरेज हे प्रथिन. प्रथिनाचे पाणी टाळणारे भाग एरवी आत दडलेले असतात. घडी मोडली की ते उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात, गुठळी होते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो तो असाच.

एचएसपी७० एटीपी खर्चून हे उघडे भाग घट्ट धरतं, नवं एटीपी जोडलं गेलं की सोडतं, गरज पडली तर पुन्हा धरतं. सुटल्यावर प्रथिनाची साखळी आपली आपणच घडी घालते. शॅपेरोनला योग्य घडी ठाऊकच नसते! ती अमिनो आम्लांच्या क्रमात असते, हे दाखवणाऱ्या ॲनफिन्सनना १९७२ चं नोबेल मिळालं.

जिवाणूंमधलं ग्रोईएल हे शॅपेरोन तर कमालच. ७-७ घटकांची दोन कडी, वर झाकण. आत एकटी साखळी काही सेकंद बंद, चिकटायला शेजारी कुणी नाही.

आणि गुठळी झालीच, तर यीस्टमधलं एचएसपी१०४ त्यातली साखळी मधल्या छिद्रातून ओढून सुटी करतं.