‘विमान कललं की कळतंच!’

‘विमान कललं तर बसल्या जागी कळतंच की!’ हे ऐकून ऐकून कान किटले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांच्या विमान अपघाताचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं.

१६ जुलै १९९९ रोजी रात्री ८.३८ला न्यू जर्सीहून निघालेलं, ते स्वतः चालवत असलेलं एका इंजिनाचं पायपर साराटोगा विमान तासाभराने मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळलं. ते, पत्नी आणि मेहुणी, तिघंही गेले. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या संस्थेने कारण दिलं ते असं: रात्री पाण्यावरून खाली उतरताना वैमानिकाला विमानाच्या स्थितीचा भ्रम झाला आणि ताबा सुटला. धुरकट हवा आणि काळोखाने त्यात भर घातली.

मग कळलं कसं नाही? कारण आतल्या कानातल्या नलिकांमधला द्रव फक्त बदल टिपतो. वळण पंधरा-वीस सेकंद एकसारखं राहिलं की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि मेंदू म्हणतो, सरळ चाललोय. कल सावकाश आला तर सुरुवातही जाणवत नाही. शरीराचा भार सीटवर सरळ खालीच पडतो. नीट घेतलेल्या वळणात पेल्यातलं पाणीसुद्धा सांडत नाही. दिवसा डोळे चूक पकडतात. धुरकट रात्री समुद्रावर क्षितिजच दिसत नाही, मग पकडणार काय? नाक खाली जातं, वेग वाढतो, वैमानिक घाबरून नाक वर ओढतो आणि वळण आणखी आवळलं जातं. शेवटी केनेडींचं विमान मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली येत होतं.

‘नवखा होता हो!’ असं म्हणणाऱ्यांसाठी वांद्र्याचा समुद्र आहे. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे विमान तिथे कोसळलं, २१३ जण गेले. मुरलेल्या कप्तानासमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. शरीराला खरंच कळत असतं, तर त्याला कळलं नसतं?

इलिनॉय विद्यापीठाने १९५४मध्ये उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही न दिसता विमान चालवायला लावलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

केनेडींच्या अपघाताबद्दलच्या बाकीच्या समजुती थोडक्यात. इंजिन बंद पडलं? तपासात तसा पुरावा नाही. घातपात? हवेत स्फोट किंवा आग लागल्याच्या खुणा नाहीत. घराण्याचा शाप? पुढे बोलूच नका.

उपकरणांवर उडण्याचा परवाना केनेडींकडे नव्हता, पण त्यांनी नियम मोडला हाही गैरसमजच. अमेरिकेत रात्री पाण्यावरून डोळ्यांच्या भरवशावर उडायला तेव्हा बंदी नव्हती, आजही नाही.